पुस्तकखरेदीच्या बदललेल्या सवयी : आपले अनुभव लिहावेत

पुस्तक विकत घेण्याची आपली रीत गेल्या काही वर्षांत किती बदलली आणि तीत दुकानाचा वाटा किती उरला, हे प्रत्येकाने स्वतःच्या कपाटाकडे पाहून लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते. माझी अलीकडची बहुतेक पुस्तके घरपोच मागवलेली निघाली. पण ज्या लेखकांचे मी पुढे मिळेल ते सारे वाचले, त्यांचे पहिले पुस्तक बहुधा दुकानात उभ्या उभ्या चाळतानाच हाती आले होते. नाव ठाऊक असलेले पुस्तक संकेतस्थळावर लगेच सापडते. नाव ठाऊक नसलेले मला तिथे क्वचितच भेटले आहे.

*

दृष्टी अधू झाल्यापासून छापील अक्षरे मला वाचता येत नाहीत. अक्षराचा आकार हवा तेवढा वाढवता येतो, म्हणून मी किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावर वाचतो, आणि त्यामुळेच माझे वाचन सुरू राहिले. एक सल मात्र आहे : ई-पुस्तक घेताना आपल्याला बहुधा केवळ वाचण्याचा परवाना मिळतो. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली काही पुस्तके वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली होती; पैसे परत केले, तरी पुस्तक गेलेच. म्हणून नातवंडांसाठी ठेवायचे पुस्तक मी आजही छापीलच घेतो.

*

मी बावीस वर्षे पुस्तकांचे दुकान चालवले आणि तीन वर्षांपूर्वी ते बंद केले. दुकानात वर्दळ शेवटपर्यंत होती. लोक तासभर पुस्तके चाळत, कोणती आवृत्ती किंवा कोणता अनुवाद चांगला ते आम्हाला विचारत, मुखपृष्ठाचा फोटो काढत आणि घरी जाऊन सवलतीत मागवत. त्यांना दोष देणे मला जमले नाही, कारण प्रकाशकाकडून मला जेवढे कमिशन मिळे, तेवढी सूट कधीकधी त्यांना तिथे थेट मिळत असे. आणि माझे भाडे, वीज, पगार व न खपलेल्या प्रतींत अडकलेले भांडवल हे सारे त्याच कमिशनातून भागवायचे होते. फ्रान्सने १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकांवरील सूट पाच टक्क्यांपर्यंत मर्यादित केली, तेव्हा छोट्या दुकानाला किमतीच्या चढाओढीतून सोडवले. केवळ मोठे होऊनही निभाव लागत नाही. शेकडो शाखांची बॉर्डर्स ही अमेरिकेतील पुस्तकदुकानांची साखळी २०११ मध्ये बंद पडली. मालक स्वतः वाचतो आणि निवडून पुस्तके ठेवतो, अशी लहान दुकाने तगतील, असे माझे मत आहे.

*

मुखपृष्ठाचे फोटो काढणाऱ्यांत मीही होते, आणि वरचा अनुभव वाचून ते लिहिल्यावाचून राहवले नाही. आता हवे ते पुस्तक दुकानात नसेल, तर मी त्यांनाच मागवायला सांगते. आठ-दहा दिवस लागतात. मागच्या खेपेस पुस्तक न्यायला गेले, तेव्हा दुकानदारांनी त्याच विषयावरचे आणखी एक जुने पुस्तक माझ्यासाठी बाजूला काढून ठेवले होते.