आयडी फॅनला नुसतं स्टॅटिक बॅलन्सिंग पुरत नाही

नाइफ एजवर (शाफ्ट ठेवायच्या दोन समांतर धारांवर) रोटर, म्हणजे फिरणारा भाग, कुठंही थांबला म्हणजे बॅलन्स झाला असं एक दादा म्हणालेत, हे झालं स्टॅटिक बॅलन्सिंग, ते अरुंद पुलीला ठीक आहे. पण आपल्या सांगलीकडच्या साखर कारखान्यांत बॉयलरचे आयडी फॅन (धूर ओढून चिमणीकडं ढकलणारे पंखे) बघा, इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक, चांगला रुंद असतो. एका टोकाला जादा वजन आणि दुसऱ्या टोकाला बरोबर उलट्या बाजूला तेवढंच, तर नाइफ एजवर तो गपगुमान उभा राहणार, फिरवला की मात्र दोन्ही बेअरिंगं आलटून पालटून हाणायला लागतात. दोन प्लेनमध्येच, म्हणजे इंपेलरच्या दोन्ही टोकांना, वजन लावायला पाहिजे.

आणि १० ग्रॅमनं काय होतंय म्हणू नका राव! २०० मिमी त्रिज्येवर १० ग्रॅम म्हणजे १५०० आरपीएमला साधारण ५ किलोचा जोर, ३००० ला डबल नाही, चौपट, २० किलो.

पण वजन वेल्ड करायला घ्यायच्या आधी ब्लेड खरवडा की. बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख एखाद्या ब्लेडवर थापलेली असती, त्यावरच वजन लावलं आणि पुढं थर सुटून पडला की परत बोंब. आणि व्हायब्रेशनचा मेन पीक (सगळ्यात मोठं कंपन) आरपीएमच्याच फ्रिक्वेन्सीला, म्हणजे दर फेऱ्याला एकदा, नसेल तर वजनाच्या नादी लागूच नका, अलाइनमेंट (मोटर आणि फॅनचे शाफ्ट एका रेषेत आहेत का ते) आणि फाउंडेशन बोल्ट बघा.