मदत हवी आहे: १० मीटर एअर रायफल, छर्रे उभ्या रेषेत पसरतात

नवशिक्या नेमबाज, उभी स्थिती, ४.५ मिमी छर्रे, पीप साइट (डोळ्याजवळची, बारीक छिद्रातून पाहायची मागची साइट). आडवा पसारा आटोक्यात आहे, पण १० छर्‍यांचा गट वर-खाली लांबतो. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिमी, त्यामुळे एवढ्यानेही गुण भराभर जातात.

पायांची जागा तपासली आहे: नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे, नळी बाजूला सरकलेली दिसली तर हात न वळवता पाय सरकवायचे. छर्रे एकाच लॉटचे आहेत, साइटचे स्क्रू घट्ट आहेत.

संशय तीन ठिकाणी आहे. बट प्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) दर वेळी खांद्यावर थोडी वर-खाली बसते का? डावी कोपर कमरेच्या हाडावर न टेकता स्नायूंवर तोलली जाते का? की श्वास दर वेळी वेगळ्या टप्प्यावर थांबतो? मला पहिलेच कारण जास्त पटते, कारण प्लेट सरकली की गालाचा टेकाही बदलतो आणि डोळा पीपच्या मध्यावर राहत नाही.

बट प्लेटची उंची आधी पक्की करावी की गालपट्टीची? आणि फोरसाइटची रिंग (नळीच्या टोकाची, जिच्यात लक्ष्याचा काळा गोल मधोमध धरतात) मोठी घेतल्याने नवशिक्याला खरंच फायदा होतो का? लहान रिंगमध्ये काळा गोल सारखा कडेला भिडतो आणि घाईत ट्रिगर ओढला जातो.