फाइली, कसर आणि आम्ही नागोबा

फडताळ:
परवा सह्यवारा यांनी लिहिलं होतं, "गावोगावची वाचनालयं जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइलींवर नागोबासारखी बसली आहेत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चार पोरं बसवा, महिन्याभरात सगळं ऑनलाइन. पण इच्छाच नाही." खाली अंगठ्यांचा पाऊस. तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून वेगळा धागा काढते.

मी एका तालुक्याच्या वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. म्हणजे नागोबा मीच.

गेल्या महिन्यात १९४३ची एक फाइल काढली. युद्धाच्या काळातला हलका कागद, लाकडाच्या लगद्याचा. पान उलटायला गेलं की उलटत नाही, मोडतं. पापडासारखं. टेबलावर तपकिरी चुरा पडला, त्यात एक अख्खा 'स' दिसला. कुठल्या शब्दातला, देव जाणे. त्याच कपाटात त्याच्या सत्तर वर्षं आधीचे काही अंक आहेत, चिंध्यांच्या कागदावरचे. कसरीने नक्षी केली आहे, पण कागद अजून हाताला मऊ लागतो. तेव्हा "सगळ्यात जुनं आधी स्कॅन करा" हाही शहाणपणा नको. आमच्याकडे मरतंय ते विसाव्या शतकातलं.

शिवाय बाइंडरने फाइल बांधताना आतली कड अशी ओढून शिवली आहे की आतल्या रकान्याची शेवटची तीन अक्षरं शिवणीच्या पोटात गेलीत. मोबाइलने फोटो काढला तर ती दिसतच नाहीत. शिवण उसवली तर पानं सुटणार, सुटली की फाटणार. त्यावर टिश्यू, म्हणजे आधाराचा पातळ कागद, चढवायला शिकलेला हात लागतो. कुठला अंक आहे, कुठला गहाळ, कुठे पुरवणी भलत्याच महिन्यात शिवली आहे, ही यादी कोण करणार? चार पोरं? आमच्याकडे मी आणि एक शिपाई. शिपाई अर्धवेळ. अनुदानाचं विचारू नका, रविवारची सकाळ खराब होईल.

सह्यवारा:
ताई, नागोबा मी उगाच म्हटलं नाही.

माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत पकडले गेले. जिल्ह्याच्या साप्ताहिकात दोन ओळींची बातमी आली होती, त्या दोन ओळी आजीला पाठ. २००९ साली मी एका वाचनालयात गेलो, नाव घेत नाही. आधी अर्ज. मग "सभासद आहात का?" मग "कार्यवाहांचं पत्र आणा." मग "कपाटाची चावी आज नाही." चौथ्या खेपेला फाइल दाखवली, लांबून. हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. २०१६ साली परत गेलो तर त्या कपाटाच्या जागी वॉटर कूलर. वाळवी लागली म्हणून फाइली 'निर्लेखित' केल्या म्हणे, म्हणजे नोंदीतून काढून टाकल्या. तोवर आजीही गेली होती.

शेवटची तीन अक्षरं नसलेला, वाकडा, अंगठा आलेला फोटोसुद्धा मला चालला असता. तुमच्या टिश्यूची वाट बघण्यात ती बातमी गेली.

रद्दीवाला:
वॉटर कूलर तरी चालू होता का?

सह्यवारा:
नाही.

कोडकुडा:
दोघंही भावनेच्या भरात बोलताय. तुम्ही फक्त फोटो द्या, पुढचं मशीन बघेल. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, देवनागरी वाचतं आता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या ऑनलाइन संग्रहावर मशीनने वाचलेला मजकूर लोक घरबसल्या दुरुस्त करतात. आपल्याकडे दुर्मिळ अंक पडून आहेत आणि आपण शिवणीवर चर्चा करतोय.

शुद्धपक्ष:
दुर्मीळ. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, ईकार दीर्घ. जतनाच्या गोष्टी करणाऱ्यांनी आधी भाषा जपावी.

कोडकुडा:
आलेच. सर, शोधखिडकीला तुमचा उपान्त्य कळत नाही.

शुद्धपक्ष:
तिथेच तर तुमचं घोडं अडणार आहे. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. त्याआधीच्या वर्तमानपत्रांत 'नाहीं', 'केलें', 'पुणें', 'गांवांत' असंच छापलेलं आहे. तुम्ही 'पुणे' टाकाल, मशीन म्हणेल काही सापडलं नाही. त्या टिंबांत व्युत्पत्ती होती, नपुंसकलिंग होतं. आपण ती पुसली आणि आता आपलेच जुने कागद आपल्याला सापडत नाहीत. ही त्या सुधारणेची फळं.

कोडकुडा:
एका ओळीचं काम आहे. शोधताना दोन्हीकडची टिंबं काढून टाकायची.

शुद्धपक्ष:
वा! मग 'संत' आणि 'सत' एक, 'मंद' आणि 'मद' एक. एकनाथांना शोधायला जा आणि दारूबंदीच्या बातम्या वाच.

कोडकुडा:
दहा जादा निकाल आले तर वाचणारा नको ते सोडून देतो. एकही निकाल न येण्यापेक्षा बरं. आणि माझी खरी डोकेदुखी टिंब नाहीच. छापखान्याच्या जुन्या खिळ्यांत 'ख' म्हणजे सरळ 'रव' दिसतो. 'खबर'चं 'रवबर' होतं. 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म'. शिळाछापावरच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, हातच्या अक्षरांपुढे तर मशीन हातच टेकतं.

शुद्धपक्ष:
म्हणजे "पुढचं मशीन बघेल" हे मागे घेताय?

कोडकुडा:
निम्मं. तुम्ही अनुस्वार परत आणायची मागणी मागे घ्या, मी उरलेलं निम्मं घेतो.

शुद्धपक्ष:
मी अशी मागणी केलेलीच नाही. वाचायला शिका.

तिठा:
माझी आई प्राथमिक शिक्षिका होती. तिने वहीभर अनुस्वार गाळायला शिकवलं आणि मरेपर्यंत स्वतःच्या पत्रात 'आहें' लिहीत राहिली. विषयाशी संबंध नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

शुद्धपक्ष:
'आहें' चूकच. 'मी आहें' असेल तर वेगळं.

तिठा:
'मी आहें'च होतं. आईच्या पत्रातल्या चुका काढणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला. धन्यवाद.

मांडवीकाठ:
शुद्धलेखनाची कुस्ती आटोपली असेल तर एक सांगते. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२चं, म्हणजे 'दर्पण' या पहिल्या मराठी वर्तमानपत्राच्याच वर्षीचं. तिथे पोर्तुगीज काळातल्या वर्तमानपत्रांचं डिजिटायझेशन झालंय. तेव्हा होत नाही असं नाही. पण तिथे सरकारी इमारत, सरकारी पगार. फडताळताईंच्या अर्धवेळ शिपायाशी त्याची तुलना करू नये.

आणि कोणी कॉपीराइटच्या हक्कांचं बोलतच नाहीये. निनावी मजकूर छापल्यापासून ६० वर्षांनी खुला होतो. सही असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. १९४३च्या अंकात १९८० साली वारलेल्या लेखकाची सही असेल तर तो लेख २०४० संपेपर्यंत बंद. मग काय, पानाला भोक पाडून अपलोड करणार?

सह्यवारा:
हेच ते. कायदा पुढे केला की कपाट बंद ठेवायला सोय.

मांडवीकाठ:
उलट. २०१२च्या दुरुस्तीने विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळ प्रत त्याच्याकडे असेल तर, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. जगाला दाखवता येईलच असं नाही, पण काढून ठेवायला कोणी अडवलेलं नाही. तुमच्या वॉटर कूलरवाल्यांना ही सबब नव्हती. झालं समाधान?

दगडफूल:
तुमचं सगळं भांडण 'आहे ते' वाचवण्याचं आहे. कपाटात मुळात कोण पोचलं? 'केसरी'च्या फाइली दहा ठिकाणी मिळतील. सत्यशोधक चळवळीचा 'दीनबंधु' १८७७ सालचा, त्याचे अंक शोधताना अभ्यासकांच्या चपला झिजल्या. ज्यांची वर्गणी, त्यांचं कपाट. उद्या सगळं ऑनलाइन झालं की संशोधक घरी बसून 'केसरी' शोधतील, सापडेल तोच इतिहास म्हणून लिहितील, आणि संदर्भसूची आणखी लांब होईल.

बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' शासनाने १९९०मध्ये एका खंडात छापले म्हणून निदान सामान्य माणसाच्या हाताला लागले. माझ्या वडिलांनी तो खंड ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवला होता. आमच्या वस्तीतली 'फाइल' ती. तिच्यावर कुठल्याही वाचनालयाचा शिक्का नव्हता.

शुद्धपक्ष:
प्रत्येक धाग्यात जात आणायलाच हवी का?

दगडफूल:
तुम्ही प्रत्येक धाग्यात अनुस्वार आणता. माझ्या मुद्द्याला निदान कागद लागतो.

रद्दीवाला:
🍿

फडताळ:
चार वाजता आमचा वाचनकक्ष उघडतो, थोडक्यात लिहिते.

दगडफूल, आमच्या कपाटात काय आहे ते या निमित्ताने पाहिलं. नऊ नियतकालिकं, आठ पुण्या-मुंबईची. नववं इथल्याच एका छापखान्याचं, आठवडी बाजाराचे भाव आणि कोर्टाच्या नोटिसा छापणारं. माझ्या माहितीत ते दुसरीकडे कुठे नाही. मी सव्वीस वर्षांत ते एकदाही उघडलं नव्हतं, कारण कोणी मागितलंच नाही. कोणी मागितलं नाही, कारण ते आमच्याकडे आहे हे यादीतच नाही. बोला आता.

सह्यवारा, नागोबा हा शब्द मी अजून गिळलेला नाही. पण चौथ्या खेपेचं वाचून गप्प झाले. "कार्यवाहांचं पत्र आणा" हे वाक्य मीही लोकांना ऐकवलंय. कोणी पानं फाडून नेतो म्हणून ऐकवलंय, एकाने ब्लेडने अख्खा चौकट-मजकूर कापून नेला होता. तरी ऐकवलंय.

तर बाजारभाववाल्या फाइलीपासून सुरुवात करू. पहिली बारा वर्षं सैल बांधणीची आहेत, उसवायची गरज नाही. कार्यकारिणीला मी सांगितलेलं नाही, विचारलं की सांगेन. मोबाइल चालेल, पण वरून सरळ धरायला काहीतरी स्टँड हवा आणि फ्लॅश बंद. आधी यादी, मग फोटो. यादीशिवाय एकही फोटो नाही, यावर मी हटणार नाही.

सह्यवारा:
शनिवारी येतो. स्टँड माझ्याकडे आहे, भावाच्या लग्नाचा. नागोबा मागे घेत नाही, पण तुमच्यापुरता स्थगित.

कोडकुडा:
यादीचा तक्ता मी करून देतो. शके आणि इसवी, दोन्ही रकाने ठेवतोय.

शुद्धपक्ष:
मुद्रितशोधनाला माणूस लागला तर सांगा. मी निवृत्त आहे. 'तक्ता'त तिथीचाही रकाना ठेवा, जुने अंक कधी कधी नुसती तिथी देतात.

कोडकुडा:
हे मात्र खरंच उपयोगाचं बोललात. तारीख लिहून ठेवतो.

शुद्धपक्ष:
तिथी.

फडताळ:
सगळ्यांनी मास्क आणा, नखं कापून या. चहा बाहेरच्या ओट्यावर. फाइलीच्या खोलीत पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

रद्दीवाला:
कूलर?