'नको' म्हणायची सोय होती का?

"मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, भाषेची सेवा केली, मग तक्रार कसली?" असं गोव्यातल्या धर्मांतराच्या चर्चेत विचारलं जातं. सेवा केली, हे मान्यच. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यातल्या साष्टीत आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं. समोरच्याच्या भाषेत, त्याच्याच छंदात बोलणारा असा प्रचार मला मुळीच खटकत नाही, फक्त ऐकणाऱ्याला 'नको' म्हणता आलं पाहिजे.

आणि इथेच घोडं अडतं. त्याच पोर्तुगीज गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय आलं, ते मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत राहिलं. कुठ्ठाळीचा मंगेश देव झुआरी नदी ओलांडून पोर्तुगीज हद्दीबाहेर प्रियोळला न्यावा लागला. बाप वारलेल्या हिंदू मुलाला, आई जिवंत असताना, पोरकं ठरवून बाप्तिस्मा देणारे कायदे होते. त्या आईला कोणी काय विचारलं असेल? मला सगळ्यात जास्त तीच आठवते.

आजच्या ख्रिस्ती गोंयकारांना याचा जाब विचारणं मात्र साफ चूक. माझ्या शेजारच्या आजी-आजोबांचे पूर्वजही त्याच माऱ्यात सापडले होते.