‘लॉरेन्स’ म्हणजे ‘विजयमाला घातलेला’, हे बरोबर का?

सुरसागर_काठ (बडोदे):
भाच्याचं नाव ‘लॉरेन्स’ ठेवायचं चाललंय. नावांच्या याद्यांत अर्थ ‘लॉरेल या झाडाच्या पानांची माळ घातलेला, विजयी’ असा देतात. मूळ लॅटिन बघता हे टिकतं का? ‘लॉरा’ हे त्याचंच स्त्रीरूप ना? आणि दाखल्यावर स्पेलिंग डब्ल्यूचं (Lawrence) घ्यावं की यूचं (Laurence)?

दांडियाबाजारकर:
माळ-बिळ विसरा. मूळ रूप लाउरेन्तियुस, म्हणजे ‘लाउरेन्तुमचा’. लाउरेन्तुम हे लॅटियममधलं, रोमच्या दक्षिणेला किनाऱ्याजवळचं प्राचीन गाव. आपल्या ‘चिपळूणकर’सारखंच हे.

लॉरेल आलं कुठून? त्या झाडाचं लॅटिन नाव लाउरुस. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ महाकाव्यात, सातव्या सर्गात, लातिनुस राजाला नगर वसवताना हे झाड सापडतं आणि त्यावरून तो रहिवाशांना लाउरेन्तेस हे नाव देतो. म्हणजे जोड जुनी आहे खरी, पण ती मानली तरी झाडाचं नाव लोकांना मिळालं, माळ कुणाच्या गळ्यात पडली नाही. ‘विजयी’च हवं असेल तर व्हिक्टर किंवा विन्सेंट ठेवा, दोन्हींत ‘जिंकणे’ हा धातू आहे.

लॉरा मात्र थेट लाउरुसवरून.

मांडवीचे_मास्तर:
नाव युरोपभर गेलं ते संत लॉरेन्समुळे. रोमचा हा डीकन (चर्चमधला धर्मसेवक) व्हॅलेरियन बादशहाच्या काळात, इ. स. 258 मध्ये मारला गेला. सण 10 ऑगस्टला. इटालियन आणि स्पॅनिश लोरेन्झो, फ्रेंच लोराँ, स्कँडिनेव्हियातला लार्स, सगळे एकच. रशियन लाव्रेंतीतला ‘व’ ग्रीक उच्चारातून आलाय. पोर्तुगीज रूप लोरेन्सो. पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा 1508 मध्ये आपल्या चौलच्या लढाईतच पडला.

कागदपत्रवाले_काका:
यू लॅटिनला जवळचा, डब्ल्यू इंग्रजीत जास्त रुळलेला. दोन्ही शुद्ध. घोटाळा होतो तो दाखल्यावर एक आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरं आलं की. पुढे पासपोर्टला अडतं. गुजराती नोंदीत ‘लॉ’वरचा अर्धचंद्र नीट बघून घ्या, नाहीतर ‘लोरेन्स’ होतो.
घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण नाव रिकामं ठेवता येतं. 12 महिन्यांत ते फुकट भरता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क लागतं.

सुरसागर_काठ:
आभार. यूचंच घेतो. लॉरेल म्हणजे आपलं तमालपत्रच ना?

दांडियाबाजारकर:
नाही हो. कुळ एक, झाडं वेगळी. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जातीतलं. पानावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा जातात. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच.