कार एसीची घरघर: कॉम्प्रेसर खरंच बदलायचा का?

निफाडकर
नमस्कार मंडळी. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. एसी व्यवस्थित गार करतो, पण बॉनेटखालून घरघर ऐकू येते. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बॉनेट उघडून जेमतेम कान दिला आणि "कॉम्प्रेसर गेला" म्हणत बावीस हजारांचं इस्टिमेट हातावर ठेवलं. शिवाय ब्लोअर तीनच्या पुढे नेला की डाव्या बाजूला फडफड होते, ती वेगळीच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल का? कॉम्प्रेसर टाकू की थांबू?

चाकं_चार
आधी गॅस भरून घ्या, निम्मे आवाज तिथेच जातात.

पाना_पकड
@चाकं_चार, गार होतंय म्हणतायत ना ते! गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधायची. अंदाजाने जास्त गॅस कोंबला तर प्रेशर वाढून कॉम्प्रेसर उलट जास्त कण्हतो. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. वजनकाटा न लावता गॅस भरणाऱ्याकडे जाऊच नये.

निफाडकर, फडफड ब्लोअरची आहे, तिचा कॉम्प्रेसरशी काही संबंध नाही. गाडी झाडाखाली लावता का? काचेखालच्या जाळीतून पान आत जातं आणि पंख्याला लागतं. ग्लोव्ह बॉक्स उतरवा, मागे केबिन फिल्टर असतो. तो काढून टॉर्च मारा. उंदराने फिल्टर कुरतडून घरटं केलेलंही पाहिलंय, तेव्हा हात घालण्याआधी बघा.

आता घरघर. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, बॉनेट उघडं, एसी बंद. ऐका. मग आतल्या माणसाला एसी लावायला सांगा आणि पुन्हा ऐका. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरबरोबर कंडेन्सरचा (गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखाही फिरायला लागतो, त्यामुळे गल्लत होते. थोडी रेस द्या. पंखा विजेवर चालतो, रेसने त्याचा आवाज बदलत नाही, कॉम्प्रेसरचा चढतो. एसी लागताना एकदा 'टक्' होतं तो कॉम्प्रेसरला त्याच्या पुलीशी जोडणारा क्लच बसल्याचा आवाज, त्याची काळजी नको.

एसी बंद असतानाही घरघर असेल तर कॉम्प्रेसरवर आळ घेऊ नका. इंजिनच्या बेल्टमुळे त्याची पुली एसी बंद असतानाही कायम फिरत असते आणि तिच्यात बेअरिंग असतं, ते वाजत असू शकतं. फक्त एसी लावल्यावरच खडखड होत असेल तर मात्र एसी ताबडतोब बंद ठेवा. आत झीज सुरू झाली की धातूचा चुरा पाइपांतून सगळीकडे जातो, मग ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि बऱ्याचदा कंडेन्सरही बदलावा लागतो. नुसता नवा कॉम्प्रेसर टाकला तर जुना चुरा त्यालाही खातो.

निफाडकर
करून पाहिलं. एसी बंद असतानाही घरघर आहे, रेस दिली की वाढते. एसी लावल्यावर फारसा फरक नाही.

पाना_पकड
मग बेल्टवरचंच काहीतरी. अल्टरनेटर आणि टेन्शनरचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचं) बेअरिंगही असंच वाजतं, म्हणून खात्री करून घ्या. इंजिन बंद करून, गार झाल्यावर बेल्ट उतरवायला सांगा आणि प्रत्येक पुली स्वतः हाताने फिरवून बघा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं. गेलेलं असेल तर जात्यात खडा अडकल्यासारखी खरखर बोटांना लागते, पुली थोडी हलतेही.

कॉम्प्रेसरचीच पुली निघाली तर गॅस न सोडता काम होतं. क्लचची प्लेट काढायची, सर्कलिप (पुली धरून ठेवणारी कडी) काढून पुली ओढायची, प्रेसवर नवं बेअरिंग बसवायचं. जागा अडचणीची असेल तर पाइप न खोलता कॉम्प्रेसर ब्रॅकेटवरून सैल करून बाजूला घेतात. परत बसवताना प्लेट आणि पुलीमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायला लावा. साधारण अर्धा मिलिमीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. फट जास्त राहिली तर तापल्यावर क्लच सुटतो, कमी राहिली तर घासतो. हातोड्याने बेअरिंग ठोकणारा दिसला तर चावी परत घ्या.

कोथरूडची_ताई
मध्येच विचारते. माझ्या गाडीत हवा पायाकडे वळवली की डॅशबोर्डच्या आत टकटकटक होतं, मग थांबतं. गाडी बंद केल्यावर सुसू असा आवाजही येतो.

पाना_पकड
ताई, टकटक म्हणजे हवेची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लास्टिक गिअरचे दात गेलेत. घाई नाही, पण झडप मध्येच अडकली तर हवा हवी तिकडे जाणार नाही. सुसू मिनिटभरात थांबत असेल तर सोडून द्या, गॅसच्या जास्त आणि कमी दाबाच्या बाजूंचं प्रेशर समान होत असतं. एसी चालू असताना सतत सुसू येत असेल आणि गारवाही कमी झाला असेल, तर गॅस तपासून घ्या.

निफाडकर
कॉम्प्रेसरच्या पुलीचंच बेअरिंग निघालं. बाहेरच्या एसीवाल्याकडे गॅस न सोडता बदललं, बेअरिंग आणि मजुरी धरून खर्च इस्टिमेटच्या दहाव्या हिश्श्याइतकाही झाला नाही. फट गेज लावून मोजली, समोर उभा होतो. ब्लोअरमधून गुलमोहराच्या शेंगेचा तुकडा निघाला. केबिन फिल्टर इतका काळा होता की तोही नवा टाकला.

चाकं_चार
एसीवाल्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझीही घरघरते.