मदत हवी आहे: सोमवारी ऑफिस जॉइन करायचंय, बाळ वरचं दूध घेतच नाही

चिऊची_आई (इंदूर):
प्लीज कोणीतरी लवकर सांगा. सोमवारी जॉइन व्हायचंय आणि चिऊ वरचं दूध अजिबात घेत नाहीये. तीन प्रकारच्या बाटल्या झाल्या, निपल बदलून झालं, झोपेत देऊन बघितलं, फिरवत फिरवत देऊन बघितलं, तोंडात थेंब गेला की जिभेने बाहेर ढकलते आणि असं तोंड करते की कडुलिंबाचा रस पाजलाय, मग मान फिरवून जी रडायला लागते ती मी जवळ घेईपर्यंत थांबत नाही. काल सव्वातीन तास काही घेतलं नाही, शेवटी माझ्याच्याने बघवेना, घेतलं पदराखाली. घर सुदामा नगरला, ऑफिस सुपर कॉरिडॉरला, म्हणजे सव्वानऊ ते साडेसहा मी घरात नाही. रजा वाढवून मिळणार नाही, विचारून झालंय. आज गुरुवार आहे. 'भूक लागली की घेईल, सवय होईल' हे सांगू नका, ते घरात रोज ऐकतेय. नक्की काय करू ते सांगा.

सुदामानगर_काकू:
अगं आम्ही पण सुदामा नगरचेच, तू कुठल्या सेक्टरला? घाबरू नकोस. माझ्या दोघांना मी गाईचं दूध अर्धं पाणी घालून, एक उकळी आणून दिलं होतं, धष्टपुष्ट झाली दोघं. आणि सकाळी आंघोळ घालून झाली की गुटी द्यायची, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड, दोन दोन वळसे सहाणेवर. पोट साफ राहिलं की बाळ आपण होऊन तोंड उघडतं. आणि शनिवारी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक, तोंड फिरवतंय म्हणजे कोणाची तरी लागलीय.

बाबा_पण_दमतो:
आमच्या मुलानेही हेच केलं होतं. पावडर बदला. आम्ही दोन ब्रँड फेकले, तिसरा चालला. पाणी आधी उकळून घ्या आणि डब्यावर जेवढे चमचे लिहिलेत तेवढेच घाला, पातळ करू नका.

रात्रपाळी (ग्वाल्हेर):
काकू, राग मानू नका, पण वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध नाही द्यायचं, पाणी घालून तर नाहीच, त्यात लोह पुरेसं नसतं आणि इतक्या लहान किडनीला ते झेपत नाही. मी बालरोग वॉर्डात काम करते, अशी फिकट पडलेली बाळं दर महिन्याला बघते. सहा महिन्यांच्या आत गुटीही नको.
आणि चिऊची आई, बाळ किती महिन्यांचं आहे हे तू लिहिलेलंच नाहीयेस! वय काय, वजन वाढतंय का, दिवसाला लंगोट किती ओले होतात, हे आधी सांग.

सुदामानगर_काकू:
आमच्या वेळी कुठली किडनी आणि कुठलं लोह. असो, तुम्ही शिकलेल्या आहात.

मालवा_माहेर:
काकूंचा हेतू चांगलाच आहे, पण गुटीवरून आमच्याकडे जे रामायण झालं ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. सहाणेचं पाणी कुठलं, कोणी हात धुतले होते का, तीन दिवस मुलगी ॲडमिट होती.

चिऊची_आई:
अहो ऐका ना! साडेचार महिने पूर्ण झालेत. वजन सहा किलो दोनशे, लंगोट सात-आठ होतात, तब्येत एकदम छान आहे. आणि गाईचं नाही, पावडरही नाही, माझंच दूध आहे, पंपाने काढलेलं. वरचं म्हणजे वरून दिलेलं, असं म्हणायचं होतं मला. रोज पहाटे पाचला उठून काढते, मग नळ येतात, मग डबा.

बाबा_पण_दमतो:
ओह. मग पावडरचं सोडा. वरचं दूध म्हटलं की आम्ही दुसरंच समजतो ना.

जुळ्यांची_आई_बडोदा:
बाटलीचा नाद सोड गं. बोंडलं घे, म्हणजे ती पुढे नाक असलेली छोटी वाटी, नाहीतर साधी वाटी-चमचा. माझ्या दोघींपैकी एकीने आयुष्यात बाटली तोंडात धरली नाही, बोंडल्याने मात्र गटागट प्यायची. डोकं उंच धर, अगदी आडवं नको, बोंडल्याचं नाक खालच्या ओठावर टेकव, ओतायचं नाही, ती जीभ बाहेर काढून आपण होऊन चाटते, मग हळूहळू घोट घेते. आणि धुवायला सोपं. बाटलीच्या निपलच्या आतली साय काढता काढता जीव जातो.

आयटी_ताई:
बोंडल्याने नऊ तास कोण पाजणार? मी पण नोकरीवाली आहे, पाळणाघरातल्या बाईला एकेका मुलामागे अर्धा तास नसतो. बाटलीच सवयीची करावी लागते, दुसरा इलाज नाही. रुंद निपलची घे.

जुळ्यांची_आई_बडोदा:
तीन बाटल्या झाल्यात तिच्या, चौथी घेऊन काय होणार? आणि सरकारने १९९२ सालीच कायदा करून दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली ती उगीच नाही, नीट उकळली नाही की जुलाब ठरलेले.

आयटी_ताई:
उकळली की झालं ना. वाटी पण उकळावी लागतेच.

स्नेहलता_म्हणे:
मी माझं सांगते. बारा वर्षांची नोकरी होती, मुलगा पाच महिन्यांचा असताना सोडली आणि मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. पैसे परत येतात, हे दिवस येत नाहीत. विचार कर.

मालवा_माहेर:
ताई, तिने नोकरी सोडू का असं विचारलंच नाहीये. तुमच्याकडे जमलं, छान झालं. तिच्या घरी हप्ता असेल, आणखी काही असेल, नाहीतर तिला नुसती आवड असेल नोकरीची. चार दिवस उरलेत, आधीच अर्धी झालीये ती.

पगारपत्रक:
कायद्याचं मी सांगते, याच खात्यात काम करते. रजा २०१७ पासून २६ आठवडे आहे, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येते. तू आधी घेतली असणार म्हणून आत्ताच संपली. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर ऑफिसला पाळणाघर द्यावं लागतं आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. पन्नासच्या खाली असाल तरी बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन नर्सिंग ब्रेक मिळतात, नेहमीच्या सुट्टीच्या वेळेशिवायचे. ते तोंडी मागू नकोस, सोमवारी पहिल्या दिवशी मेल टाक.

चिऊची_आई:
हो, सात आठवडे आधी गेले, पायावर सूज होती म्हणून. आमच्या ब्रँचला चाळीसच जण आहोत, पाळणाघर नाही. पण दोन ब्रेकचं मला कोणी सांगितलंच नव्हतं, थँक्यू, मेल आजच लिहून ठेवते. त्यात घरी येणं शक्य नाही, निदान पंप तरी करता येईल.

राजवाडा_ते_विजयनगर:
थोडं अवांतर. सुदामा नगरला नळ किती वाजता येतात आता? आमच्याकडे एक दिवसाआड, तेही पहाटे, आणि मेच्या उन्हात टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी. बाळाचं उकळायचं, धुवायचं पाणी मी वेगळ्या पिंपात धरते.

आयटी_ताई:
आमच्याकडे पण एक दिवसाआड. आणि डायपर ओल्या कचऱ्यात टाकला म्हणून काल कचरागाडीवाल्या दादाने बादली परत केली. सॅनिटरीचा डबा वेगळा आहे गाडीला, कागदात गुंडाळून त्यात टाकायचा.

रात्रपाळी (ग्वाल्हेर):
चिऊची आई, नळ-कचरा राहू दे, मला तीन गोष्टी सांग. दूध कोण पाजतं? तेव्हा तू कुठे असतेस? आणि ते दूध कधी काढलेलं असतं, ताजं की साठवलेलं?

चिऊची_आई:
सासूबाई पाजतात. मी तिथेच पलंगावर बसते, त्यांना धीर यावा म्हणून, त्यांचे हात थरथरतात घाबरून. दूध फ्रीझरमधलं, तीन आठवड्यांपासून साठवतेय, चोवीस पिशव्या झाल्यात, प्रत्येकीवर तारीख टाकून. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवते, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. सगळं नीट करतेय हो.

रात्रपाळी (ग्वाल्हेर):
करतेयस, दिसतंय. आता एक कर, आत्ताच. एक पिशवी वितळव आणि स्वतः चाख. आणि थोडं ताजं काढून तेही चाख.

चिऊची_आई:
ई. चाखलं. ताजं गोडसर, पातळ, काही वास नाही. फ्रीझरमधलं… साबण. खरंच साबणाच्या पाण्यासारखं, मागून जरा तुरट, जिभेवर राहतंय. मी इतके दिवस हे तिच्या तोंडात घालत होते? खराब झालंय का ते? तिला काही होणार नाही ना?

रात्रपाळी (ग्वाल्हेर):
खराब नाही झालं, आणि तिला काही होणार नाही. आईच्या दुधात लायपेज नावाचं एन्झाइम असतंच, ते दुधातली चरबी फोडतं म्हणजे बाळाला पचायला सोपं जातं. काही जणींच्या साठवलेल्या दुधात हे काम गारठ्यातही चालूच राहतं, मग साबणासारखा वास येतो. कितीतरी बाळं तेही पितात, तुझी नाही पीत. तिला बाटलीचं वावडं आहे की चवीचं, हे कळायला आता ताजंच देऊन बघ.
यापुढचं दूध काढल्या काढल्या स्टीलच्या पातेलीत मंद गॅसवर ठेव, कडेला बारीक बुडबुडे आले की लगेच उतरव, उकळी येऊ द्यायची नाही, मग पातेली गार पाण्याच्या परातीत ठेवून पटकन निवव आणि फ्रीजमध्ये. वास येऊन गेलेल्या दुधाला याचा उपयोग नाही, आधीच करावं लागतं. थोडं सत्व जातं त्यात, पण तू घरी असशील तेव्हा ती अंगावर पितेच आहे.

मालवा_माहेर:
बाप रे, मी अशा वीस पिशव्या बेसिनमध्ये ओतून रडले होते. मला वाटलं माझ्याच अंगात काही दोष आहे.

सुदामानगर_काकू:
दुधाला साबणाचा वास? पहिल्यांदाच ऐकलं. पण एक खरं सांगू का, तू समोर बसू नकोस. आई दिसते, आईचा वास येतो, मग ते वाटीतलं कशाला घेईल? घराबाहेर जा. आणि तुझी वापरलेली साडी किंवा ओढणी सासूबाईंच्या मांडीवर टाकून जा.

रात्रपाळी (ग्वाल्हेर):
काकूंचं शंभर टक्के बरोबर. आणि कडकडून भूक लागायच्या आत द्या, रडायला लागल्यावर कुठलंच बाळ नवीन काही शिकत नाही.

बाबा_पण_दमतो:
तोपर्यंत पाचव्या महिन्यातच नाचणी सत्व सुरू करता येईल ना? आमच्या आईने केलं होतं. दूध कमी लागेल.

जुळ्यांची_आई_बडोदा:
नको. सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण, तोपर्यंत फक्त दूध. पाणीसुद्धा नाही, मे असला तरी.

चिऊची_आई:
शुक्रवार रात्र, अपडेट देते. संध्याकाळी ताजं दूध काढून वाटीत ठेवलं, माझी मळकी ओढणी सासूबाईंच्या मांडीवर घातली आणि मी खाली पार्किंगमध्ये जाऊन स्कूटरवर बसले. वरून रडण्याचा आवाज आला, उठले, परत बसले, मग आवाज बंद झाला आणि मला वाटलं दमून झोपली. पंधरा मिनिटांनी यांचा फोन आला, वर ये. चिऊच्या हनुवटीखाली लाळेरं ओलं चिंब, निम्मं दूध त्यात, पण वाटीतले पंचेचाळीस मिली संपले होते आणि सासूबाई वाटी उलटी धरून मला दाखवत होत्या. आज दुपारी बाटलीत तेच ताजं दिलं होतं तर नाही घेतलं, म्हणजे बाटली पण नकोच आहे तिला. जुळ्यांची आई, तुमचं खरं.
आता नऊ तासांना किती लागेल? आणि त्या चोवीस पिशव्या?

रात्रपाळी (ग्वाल्हेर):
शाब्बास तुमची तिघींची. तासाला साधारण तीस मिली धर, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास, चार वेळात विभागून. पहिला आठवडा कमी घेतला तर घाबरू नकोस, बरीच बाळं आई आल्यावर रात्रभर उठून भरपाई करतात, लंगोट मोजत राहा. ताजं दूध फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, दारात ठेवू नका, आत मागे ठेवा. बाहेर चार तास म्हणतात ते पंचवीस डिग्रीला, तुमच्याकडे आत्ता चाळीसच्या वर आहे, तेव्हा काढलं की लगेच फ्रीज, आणि ऑफिसमधून आणताना बर्फाच्या पिशवीतून. वाटीतलं उष्टं उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या. त्या पिशव्या फेकू नकोस, ताज्यात चमचाभर मिसळून बघ, घेतलं तर वाढव. वितळवलेली पिशवी मात्र परत फ्रीझरमध्ये नाही, चोवीस तासांत संपवायची.

पगारपत्रक:
आणि पंपासाठी बंद होणारी खोली पण त्याच मेलमध्ये माग, वॉशरूम चालणार नाही असं स्पष्ट लिही. कडीची, पडद्याची आणि प्लगची सोय आहे का ते रविवारीच विचारून घे.

चिऊची_आई:
स्टोअरची खोली आहे एक, रेकॉर्डच्या फायली असतात तिथे, किल्ली एका मॅडमकडे असते, त्यांना आत्ताच फोन करते. वाटीने पाजायला सासूबाईंना वेळ लागतो आणि अर्धं सांडतं, पण त्या तयार आहेत, उद्या सकाळी मी परत खाली जाऊन बसणार आहे.

सुदामानगर_काकू:
अगं सेक्टर कुठला ते अजून सांगितलंच नाहीस. माझ्याकडे नातवाचं चांदीचं बोंडलं आहे, नाक चांगलं लांब आहे त्याचं, सांडणार नाही. उकळून आणून देते उद्या, सासूबाईंना दाखवते पण कसं धरायचं ते.

चिऊची_आई:
काकू, पत्ता मेसेज केलाय. नळ सात वाजेपर्यंत असतात, त्यानंतर कधीही या.